गुरुद्वाऱ्याची राखण कोणी करायची?

(नांदेड येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गुरुद्वाऱ्यांत होणारे शोषण आणि ते रोखण्याचे उपाय, हा आजचा विषय. तो नांदेडात घ्यावा का, यावर आयोजकांत थोडी चर्चा झाली, हे मला ठाऊक आहे. मला तर या विषयाला नांदेडाइतकी योग्य जागा दुसरी दिसत नाही. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी इथे गोदाकाठी देह ठेवला आणि त्याआधी गुरुपद ग्रंथसाहिबांकडे सोपवले. यापुढे कोणी देहधारी माणूस गुरू होणार नाही, असा तो निर्णय होता. वकिली करणाऱ्या माझ्यासारखीला त्यात धर्माइतकाच कारभाराचाही विचार दिसतो. पाठ करणारा ग्रंथी, कीर्तन करणारा रागी, कथावाचक, कमिटीचा प्रधान, कार सेवेचा बाबा, यांपैकी कोणालाही ‘मला विचारणारे तुम्ही कोण’ असे म्हणण्याचा अधिकार त्या दिवसानंतर उरलेला नाही. त्यांच्याविरुद्ध तक्रार करणारी बाई धर्माविरुद्ध बोलत नसते.

मी शीख नाही. परक्या घरात डोकावून बोलण्याचा आरोप माझ्यावर होऊ शकतो, म्हणून हे आधीच सांगते. पण नामदेवांची पदे ज्या ग्रंथात आहेत, तो ग्रंथ मराठी माणसाला परका कसा म्हणावा? आणि हा रोग एका धर्माचा नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये बालकांच्या लैंगिक शोषणाची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र आयोगाने सप्टेंबर २०२१ मध्ये धार्मिक संस्थांवरचा अहवाल दिला. ख्रिस्ती, मुस्लिम, ज्यू, हिंदू, बौद्ध, शीख अशा ३८ संस्थांकडून आलेली माहिती आयोगापुढे होती. लोक तक्रार का करत नाहीत, याची जी कारणे त्यात आली आहेत, ती आपल्या कोणत्याही गावातल्या बाईने तोंडपाठ सांगावीत अशी आहेत: लाज आणि घराण्याची अब्रू, पीडितेलाच दोष देणे, शरीराविषयी बोलण्याची चोरी, सगळी सत्ता पुरुषांच्या हाती, बाहेरच्या यंत्रणेवर अविश्वास, बदनामीची धास्ती. आणि एक कारण धर्मस्थळांचे खास, ते म्हणजे क्षमेचा आग्रह. त्याकडे मी पुन्हा येणार आहे.

पण आधी इतिहास. शोषणाविरुद्ध उभे राहणे ही शीख समाजाला पश्चिमेकडून आलेली कल्पना आहे, असे जर कोणी म्हणत असेल, तर त्याला स्वतःचाच इतिहास माहीत नाही. गुरूंच्या काळात गावोगावची संगत सांभाळायला आणि दसवंध म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा गोळा करायला मसंद नेमलेले असत. पुढे ते माजले, पैसा खाऊ लागले, लोकांना छळू लागले. गुरू गोविंदसिंगांनी त्यांना समज देऊन सोडले नाही, मसंदांची सगळी व्यवस्थाच मोडून टाकली आणि खालशाला त्यांच्याशी संबंध तोडायला सांगितले. बिघडलेल्या माणसांना वाचवून संस्थेची अब्रू राखता येते, असे गुरूंना वाटले नाही.

दुसरा प्रसंग जवळचा आहे. अठराव्या शतकात शिखांवर अत्याचार झाले तेव्हा अनेक गुरुद्वारे उदासी पंथाच्या महंतांनी सांभाळले, ही त्यांची मोठी सेवा होती. पण इंग्रजी अमलात गुरुद्वाऱ्यांच्या जमिनी महसुली दप्तरात महंतांच्या नावावर चढल्या. पंजाबात कालवे आले, जमिनीचे मोल वाढले, आणि ज्याला संगतीच्या दानाची गरज उरली नाही त्याला संगतीचा धाकही उरला नाही. नानकाना साहिब ही गुरू नानकांची जन्मभूमी. तिथला महंत नारायण दास. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तिथे दर्शनाला आलेल्या मुलीबाळींवर महंताच्या माणसांनी अत्याचार केल्याच्या घटना, गुरुद्वारे महंतांच्या ताब्यातून सोडवणाऱ्या अकाली चळवळीच्या इतिहासांत नोंदलेल्या आहेत. तरनतारनच्या पुजाऱ्यांविरुद्धही अशाच तक्रारी होत्या. लोक सरकारकडे गेले की सरकार सांगे, दिवाणी दावा लावा. दावे वर्षानुवर्षे चालत आणि वकिलाचा खर्च महंत गुरुद्वाऱ्याच्याच उत्पन्नातून करी.

१५ नोव्हेंबर १९२० रोजी शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटी स्थापन झाली. २० फेब्रुवारी १९२१ रोजी भाई लछमनसिंग धारोवाली यांचा जथा नानकाना साहिबात शांतपणे शिरला, आणि महंताने जमवलेल्या भाडोत्री माणसांनी गुरुद्वाऱ्याच्या आवारात त्यांची कत्तल केली. पुढच्याच महिन्यात महात्मा गांधी तिथे गेले होते. त्यानंतर गुरु का बागचा मोर्चा झाला, जैतोचा झाला, हजारो माणसे तुरुंगात गेली, आणि शेवटी १९२५ चा शीख गुरुद्वारा कायदा आला. त्या कायद्याने गुरुद्वारे निवडून दिलेल्या कमिटीच्या हाती आले आणि एकवीस वर्षांवरच्या शीख बाईलाही पुरुषाच्या बरोबरीने मत मिळाले. ब्रिटनमध्ये स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीचे मत १९२८ मध्ये मिळाले, म्हणजे अमृतसरची बाई या बाबतीत लंडनच्या बाईच्या तीन वर्षे पुढे होती.

हे सगळे एवढ्या तपशिलाने सांगण्याचे कारण आहे. अकाली चळवळीकडे आपण स्वातंत्र्यलढ्याचा एक अध्याय म्हणून पाहतो, जमिनींचा आणि सत्तेचा लढा म्हणून पाहतो. ती या सगळ्याबरोबरच धर्मस्थळात बाई सुरक्षित असावी म्हणून झालेली चळवळही होती. दर्शनाला आलेल्या लेकीची अब्रू घेणारा माणूस गादीवर बसलेला चालणार नाही, एवढ्यासाठी माणसे मेली. म्हणून आज कोणी शीख मुलगी गुरुद्वाऱ्यातल्या अत्याचाराविषयी बोलू लागली, तर ती चळवळ पुढे नेणारी तीच आहे. तिला गप्प करणाऱ्याने आपण १९२१ मध्ये कोणत्या बाजूला असतो, याचा विचार करावा.

मग गाडी अडली कुठे? मला वाटते, महंत गेले आणि कमिट्या आल्या, तेव्हा प्रश्न सुटला असे सगळ्यांनी धरून चालले. निवडणूक झाली की उत्तरदायित्व आपोआप येते, असा तो समज होता. प्रत्यक्षात कमिट्यांमध्ये गट पडले. परदेशांतल्या गुरुद्वाऱ्यांत तर निवडणुकीवरून कोर्टकचेऱ्या आणि हाणामाऱ्याही झाल्या आहेत. अशा ठिकाणी एखाद्या मुलीने सांगितले, की कीर्तन शिकवणाऱ्याने माझ्याशी वाईट वर्तन केले, की पहिला प्रश्न असतो: ही कोणत्या गटाची? तिला पुढे कोणी केले? तिचे म्हणणे खरे की खोटे, हा प्रश्न पहिल्या दहांतही येत नाही. विरोधी गट तिच्या तक्रारीचे हत्यार करतो, सत्ताधारी गट तिला खोटी ठरवतो, आणि निवडणूक संपली की दोघेही तिला विसरतात. म्हणून माझा पहिला आग्रह असा आहे, की तक्रार घेणाऱ्या व्यक्ती कमिटीच्या सदस्य असता कामा नयेत. त्या निवडणूक लढवणाऱ्या नकोत, प्रधानाच्या नातलग नकोत, आणि त्यांपैकी निदान एक बाई हवी.

आता बदनामीच्या धास्तीविषयी. तिला मी हसण्यावारी नेणार नाही, कारण ती खरी आहे. ११ सप्टेंबर २००१ नंतर चौथ्याच दिवशी अमेरिकेतल्या मेसा शहरात बलबीरसिंग सोधी यांना केवळ पगडी आणि दाढी पाहून गोळी घातली गेली. ज्या समाजाला रस्त्यात ओळखून मारले जाते, तो समाज घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणायला बिचकणारच. या पार्श्वभूमीवर डिसेंबर २००४ मध्ये इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमच्या रेपर्टरी थिएटरमध्ये ‘बेज़्ती’ हे नाटक लागले. लेखिका गुरप्रीत कौर भट्टी, स्वतः शीख. गुरुद्वाऱ्यात एका तरुण मुलीवर प्रतिष्ठित माणसाकडून अत्याचार होतो, असे कथानक. काही शीख प्रतिनिधींनी थिएटरकडे मागणी केली, की घटनास्थळ बदला, गुरुद्वाऱ्याऐवजी समाजकेंद्र दाखवा. ती मान्य झाली नाही. १८ डिसेंबरला शेकडो लोक जमले, काचा फुटल्या, पोलीस जखमी झाले. २० तारखेला थिएटरने प्रयोग बंद केले. लेखिकेला धमक्या आल्या, तिला लपून राहावे लागले.

नाटक चांगले की वाईट, यात मी जात नाही. निदर्शकांतले बहुसंख्य लोक मनापासून दुखावले होते, हेही मला मान्य आहे. ग्रंथसाहिबांच्या सान्निध्यात तसे दृश्य कल्पणेच त्यांना सहन होत नव्हते. पण घटनास्थळ बदलण्याच्या मागणीकडे नीट पाहा. असे घडतच नाही, असा तिचा सूर नव्हता. घडते म्हणा, पण इथे म्हणू नका, असा होता. त्या रात्री प्रेक्षागृहात किंवा बाहेरच्या गर्दीत ज्या मुलींच्या वाट्याला हे खरेच आले असेल, त्यांना काय कळले असेल? नुसते नाटक लिहिणारीला घर सोडावे लागते, तर खरी तक्रार करणारीचे काय होईल, हेच कळले. प्रयोग बंद पडल्याने गुरुद्वाऱ्याची अब्रू वाचली, असे मला वाटत नाही. नुकसान झाले ते त्या मुलींचे. ब्रिटनमधल्या शीख बायकांनी शीख बायकांसाठी ‘शीख विमेन्स एड’ ही संस्था उभी केली, तोवर २०२१ साल उजाडले होते.

सुरक्षिततेची दुसरी बाजू बाहेरच्या हल्ल्याची. ५ ऑगस्ट २०१२, रविवारची सकाळ. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात ओक क्रीकच्या गुरुद्वाऱ्यात लंगराची तयारी चालली होती. वंशद्वेषाने पेटलेला एक माजी सैनिक बंदूक घेऊन आला. सहा जण ठार झाले. जखमी झालेले एक ग्रंथी २०२० मध्ये त्याच जखमांनी गेले. प्रधान सतवंतसिंग कालेका हल्लेखोराला भिडले आणि मरण पावले. त्या दिवशी आवारात खेळणाऱ्या दोन लहान मुलांनी त्या माणसाला पाहिले आणि आत धावत जाऊन ओरडून सांगितले. स्वयंपाकघरातल्या बायका कोठीत लपल्या, दार लावून घेतले आणि वाचल्या.

त्या मुलांना कोणी पुरावा मागितला नाही. ‘तुला नक्की दिसले का’, ‘तो माणूस कोणाचा कोण’, ‘आईवडिलांनी शिकवले का’, असे विचारत कोणी बसले नाही. आधी दार लावले, मग काय ते पाहिले. परका माणूस बंदूक घेऊन आलाय, हे सांगणाऱ्या लेकरावर आपण त्या क्षणी विश्वास ठेवतो, आणि आपलाच माणूस मला जिन्यात धरतो, हे सांगणाऱ्या लेकराची उलटतपासणी करतो. ही विसंगती मला फार अस्वस्थ करते. मुलाचे म्हणणे पुढे न्यायालयात टिकेल की नाही, ते न्यायालय ठरवील. दार लावण्यासाठी त्याची वाट पाहायची नसते.

पैशाचेही तसेच आहे. ओक क्रीकनंतर अनेक ठिकाणी कॅमेरे, पहारे आले. इंग्लंडमध्ये धर्मस्थळांच्या संरक्षणासाठी सरकारी निधीची योजना २०१६ पासून आहे, आणि मँचेस्टरच्या स्फोटात गेलेल्या मार्टिन हेट या तरुणाच्या आईच्या प्रयत्नांतून आलेला, हल्ल्यासाठी सज्ज राहायला सांगणारा कायदा २०२५ मध्ये मंजूर झाला. धर्मस्थळेही त्यात येतात. हे आवश्यकच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये खुद्द दरबार साहिबाच्या म्हणजे सुवर्णमंदिराच्या दारात, अकाल तख्त या सर्वोच्च धर्मपीठाने दिलेली प्रायश्चित्ताची सेवा करत बसलेल्या अकाली नेते सुखबीरसिंग बादल यांच्यावर गोळी झाडली गेली, हे आपण पाहिले आहे. पण फाटकावरचा कॅमेरा आतल्या माणसाला पकडत नाही. तो तर फाटकातून हात जोडून, सगळ्यांच्या ओळखीने आत येतो.

शोषण होते कुठे, तेही स्पष्ट बोलू. शेकडो माणसे बसलेल्या दरबारात सहसा होत नाही. ते सराईच्या खोलीत होते, कोठीघरात होते, हार्मोनियम-तबल्याच्या एकट्याच्या शिकवणीत, गतका या शस्त्रकलेच्या शिबिराच्या मुक्कामात, रात्रभर चालणाऱ्या अखंड पाठाच्या वेळी रिकाम्या पडलेल्या मजल्यावर होते. हल्ली ते फोनवरच्या संदेशांत सुरू होते. बळी लहान मुलेच असतात असेही नाही. नवऱ्याच्या मारहाणीची दाद मागायला आलेली सून, नुकतीच परदेशी गेलेली आणि लंगरावर दिवस काढणारी विद्यार्थिनी, घरगुती अडचणीवर अरदास करवायला आलेली विधवा, यांची गरज हीच त्यांची कमजोरी होते. मारहाणीची तक्रार घेऊन आलेल्या सुनेला कमिटीने समजूत घालून परत त्याच घरी पाठवणे, हेही मी शोषणातच धरते. आणि कधी कधी बळी खुद्द ग्रंथी असतो. पंजाबातून व्हिसावर आणलेल्या, भाषा न येणाऱ्या, कमिटीच्याच खोलीत राहणाऱ्या रागीची नोकरी आणि मुक्काम दोन्ही एका प्रधानाच्या मर्जीवर असतील, तर तो स्वतःवरचा अन्याय सांगणार नाही आणि डोळ्यांदेखत घडलेला दुसऱ्यावरचाही सांगणार नाही.

आता क्षमेचा मुद्दा. शीख रहित मर्यादेत, म्हणजे शिखांच्या आचारसंहितेत, ज्या चार मोठ्या चुका सांगितल्या आहेत, त्यांत जोडीदाराखेरीज इतरांशी संबंध ही एक आहे. चूक करणाऱ्याने पंजप्यारांपुढे, म्हणजे पाच दीक्षित शिखांपुढे, उभे राहायचे, ते देतील ती तनखाह म्हणजे प्रायश्चित्ताची सेवा करायची, मग संगत त्याला सामावून घेते. ही व्यवस्था मला मनापासून सुंदर वाटते. खुद्द महाराजा रणजितसिंगांना अकाल तख्तापुढे उभे राहावे लागले होते, असे परंपरा सांगते. पण तनखाह ही चूक करणाऱ्याच्या आत्म्यासाठी आहे. अत्याचार झालेल्या मुलीसाठी तिच्यात काहीच नाही. मुलावर हात टाकणाऱ्याने महिनाभर जोडे पुसले आणि भांडी घासली, म्हणून तो पुन्हा मुलांच्या वर्गात जायला पात्र होत नाही. हे म्हणजे ‘चूक’ नव्हे, हा गुन्हा आहे, आणि गुन्ह्याचा तपास पंजप्यारांकडे किंवा कमिटीकडे देता येत नाही. आधी पोलीस. धार्मिक प्रायश्चित्त द्यायचेच तर न्यायालयाचे काम संपल्यावर द्यावे. कमिटीने ‘अंतर्गत चौकशी’ सुरू केली, की तेवढ्या दिवसांत साक्षीदारांना निरोप जातात, फोनमधले संदेश पुसले जातात, मुलीच्या काकांना गाठले जाते.

कायदा काय म्हणतो? इंग्लंड आणि वेल्समध्ये बहुतेक गुरुद्वारे धर्मादाय संस्था आहेत, त्यांचे विश्वस्त धर्मादाय आयोगाला उत्तरदायी असतात. तिथे जून २०२२ पासून एक महत्त्वाची दुरुस्ती लागू झाली. विश्वासाच्या नात्याचा गैरफायदा घेऊन सोळा-सतरा वर्षांच्या मुलांशी संबंध ठेवणे हा शिक्षकांसाठी आधीपासून गुन्हा होता. आता तो खेळाचे प्रशिक्षण आणि धर्माचे शिक्षण देणाऱ्यांनाही लागू आहे. मुलीची ‘संमती’ होती, ही सबब त्या वयात चालत नाही. अठरा वर्षांपुढच्या, पण भक्तीने हात बांधले गेलेल्या बाईला मात्र या तरतुदीचा उपयोग नाही.

आपल्याकडचे कायदे काही बाबतींत अधिक कडक आहेत, हे अनेकांना ठाऊक नसते. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातल्या किंवा नोकरीतल्या माणसाने त्या संस्थेत मुलावर केलेला लैंगिक हल्ला अधिक गंभीर मानला आहे. ज्याला असा गुन्हा झाल्याचे कळले, त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर एक वर्षापर्यंत. ‘आम्ही आपसात मिटवले’ हे प्रधानाचे वाक्य त्याला तुरुंगात नेऊ शकते. २०१३ च्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या कायद्यात न्यासही येतात, आणि कर्मचारी या व्याख्येत विनावेतन, स्वेच्छेने काम करणारेही. लंगरात पोळ्या लाटणाऱ्या सेवादार बाईला त्या कायद्याचे संरक्षण मिळू शकते. दहा किंवा अधिक माणसे काम करत असतील तिथे अंतर्गत समिती हवी, त्याहून कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे.

तक्रारीला जागा नसली की काय होते, याचे उदाहरण हरियाणातले आहे. डेरा सच्चा सौदा हा गुरुद्वारा नव्हे, शीख संस्थांशी त्याचे वैरच आहे, तेव्हा गल्लत करू नका. तिथल्या एका साध्वीने २००२ मध्ये डेराप्रमुखाच्या लैंगिक अत्याचारांविषयी पंतप्रधानांना पत्र लिहिले ते निनावी. डेराप्रमुखाला शिक्षा झाली ती २०१७ मध्ये. एवढी वर्षे वाट पाहायची ताकद किती जणींत असते?

इथले नांदेडचे तख्त सचखंड हुजूर साहिब १९५६ च्या स्वतंत्र कायद्याने चालते, अमृतसरच्या शिरोमणी कमिटीकडे त्याचा कारभार नाही. म्हणजे इथे काही करायचे तर अमृतसरहून हुकूम येण्याची वाट पाहावी लागत नाही. देशभरातून यात्रेकरू येतात, सराया भरलेल्या असतात. कोणावरही आरोप न करता मी काही गोष्टी मागते. प्रत्येक सराईत, बायकांच्या स्वच्छतागृहात आणि लंगराच्या दाराशी पंजाबी, मराठी आणि हिंदीत पाटी लावा: तक्रार कोणाकडे, कोणत्या क्रमांकावर, पोलिसांचा क्रमांक कोणता, चाइल्डलाइन १०९८. मुलांच्या वर्गाच्या दारांना काच बसवा आणि एकट्या मोठ्या माणसाला एकट्या मुलाजवळ बसवू नका. तक्रारींची वही ठेवा आणि ती कमिटी बदलली तरी बदलू नका.

आणि एक मागणी रागी जथ्यांविषयी, कारण ती मला सगळ्यात निकडीची वाटते. एका गुरुद्वाऱ्यात तक्रार झालेला माणूस गाजावाजा न करता दुसऱ्या गावी पाठवला जातो. तिथे त्याला सन्मानाचा सिरोपा मिळतो, मंच मिळतो, मुले मिळतात. जुन्या ठिकाणच्यांना वाटते, आपली पीडा टळली. यापुढे कोणताही रागी, वीरगाथा गाणारा ढाडी किंवा कथावाचक बोलावण्याआधी त्याने काम केलेल्या शेवटच्या दोन गुरुद्वाऱ्यांना पत्राने विचारा आणि उत्तर लेखी घ्या. उत्तर आले नाही, तर मंच देऊ नका. या विचारणेचा साधा नमुना मी तयार करून आणला आहे, पंजाबीत आणि मराठीत. त्याच्या प्रती दाराशी ठेवल्या आहेत. सभागृहात काही गुरुद्वाऱ्यांचे व्यवस्थापक बसलेले मला दिसत आहेत; त्यांचे प्रश्न असतील तर आधी त्यांचे घेऊ.